रक्तदाबाचे डॉक्टर : रुस्तम जाल वकील

परवा आठवीच्या वर्गात 'चेतासंस्था' शिकवत होतो. एका मुलाने विचारलं की सर, आमची आजी बाजेवरून उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, एकदा तर पडलीच; पण दवाखान्यात बीपी मोजला तर बरोबर निघतो, असं कसं? आपल्या वाशिम जिल्ह्यात अशा आज्या गावोगाव सापडतील. या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला मुंबईच्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगावीशी वाटली.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म 1911 साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनला झालं. परत येऊन ते मुंबईत हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले, केईएम रुग्णालयात रुग्ण तपासू लागले.

त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं, हे आज तुम्हाला खरं वाटणार नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 1945 साली मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचा दाब 300 च्या घरात होता. जगातल्या एवढ्या बलाढ्य माणसाला देण्यासारखी चांगली गोळी नव्हती! काही शल्यचिकित्सक तर पाठीतून शस्त्रक्रिया करून रक्तवाहिन्या आवळणाऱ्या चेताच कापून टाकत. दाब उतरायचा, पण रुग्ण उभा राहिला की त्याला भोवळ यायची.

का यायची, ते बघा, कारण आजीची गोष्ट इथेच आहे. आपण आडवे असलो की रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उभं राहिलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मग मेंदूला काय उरणार? म्हणून मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी चेतांची टोकं असतात. दाब उतरला की मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला वर्दी जाते. तिथून स्वायत्त चेतासंस्थेतल्या अनुकंपी चेता हुकूम घेऊन निघतात. चेतांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय भराभर धडधडतं. हे सगळं काही सेकंदांत. आपल्याला पत्ताही लागत नाही. त्या चेता कापल्या, तर हुकूम पोचणार कसा?

वकिलांनी चेता कापल्या नाहीत. त्यांनी आपल्याच मातीतल्या एका झुडपाकडे बघितलं, सर्पगंधा. तिची मुळी साप चावल्यावर, वेड लागल्यावर, झोप न येण्यावर वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. ती दाब उतरवते असं 1931 साली कलकत्त्याच्या डॉ. सेन आणि डॉ. बोस यांनी लिहिलंही होतं, पण बाहेर कुणी फारसं लक्ष दिलं नाही. वकिलांनी वर्षानुवर्षं ती आपल्या रुग्णांना दिली, नोंदी ठेवल्या. 50 रुग्णांवरचे निष्कर्ष 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आले. मला यातलं मोठेपण मुळीपेक्षा वहीत वाटतं. मुळी सगळ्यांनाच माहीत होती!

ते वाचून अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी ती वापरून पाहिली. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. काही वर्षांनी त्याचं गुपितही उलगडलं. ते चेतांच्या टोकांमधला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठाच रिकामा करतं. म्हणजे चेता शाबूत, पण दारूगोळा संपलेला. म्हणून मात्रा जास्त झाली की इथेही तेच, उठताना चक्कर. काही रुग्णांना उदासीही घेरायची. 1957 साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, 1958 साली पद्मभूषण. 1974 साली ते गेले. रेसरपीन आता क्वचितच देतात, पण डॉ. गोलवाला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या 'फिजिकल डायग्नोसिस' या पुस्तकावर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. रुग्णाला डोळ्यांनी, हातांनी कसं तपासावं, हे शिकवणारं ते पुस्तक.

आता आजीकडे येऊ. म्हातारपणी दाब ओळखणारी टोकं मंदावतात, धमन्या ताठर होतात, हृदयही हुकूम लवकर ऐकत नाही. त्यात मधुमेहाने चेता खराब झाल्या असतील, उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं असेल, किंवा बीपीची, लघवीची गोळी चालू असेल, तर उठताना दाब घसरतो. उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टर त्याला नोंद घेण्याजोगी घसरण मानतात. आजीचा बीपी खुर्चीवर बसवून मोजला होता! प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात की आधी आडवं असताना आणि मग उभं करून मोजायला सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. तोवर आजीला आधी बाजेच्या कडेला दोन मिनिटं बसू द्या, पाय हलवू द्या, मग हात धरून उठवा.

उपक्रम : पाच मिनिटं आडवे पडा आणि मनगटाची नाडी एक मिनिट मोजा. मग उभे राहून लगेच पुन्हा मोजा. तुमचे ठोके बहुधा दहा-पंधराने वाढतील. घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी उभं करून आजी-आजोबांचेही मोजा. उठल्यावर त्यांना गरगरतंय आणि तरी ठोके जवळजवळ तेवढेच राहिलेत, असं दिसलं, तर दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.