मिरजेचे डॉक्टर वानलेस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुपवाड व आसपासच्या खेड्यांतून मिरजेकडे बैलगाड्या जात, त्यांपैकी काहींत एखादा वृद्ध रोगी बसलेला असे. डोळे उघडे असूनही त्याला समोरचे बैल दिसत नसत. मिरजेस एक परदेशी डॉक्टर मोतीबिंदू काढतात, एवढेच त्याने ऐकलेले असे.

ते डॉक्टर म्हणजे विल्यम जेम्स वानलेस. त्यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण संपवून ते १८८९ मध्ये मिशनचे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीस व नंतर मिरजेस त्यांनी काम केले. मिरजेचे रुग्णालय १८९४ मध्ये उघडले.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. फिरते वैदू ते भिंग सुईने डोळ्यातच मागे ढकलीत. रोग्याला काही दिवस उजेड दिसे. पुढे पुष्कळदा डोळा सुजे आणि उरलीसुरली दृष्टीही जाई. भिंग बाहेर काढणे हा चांगला उपाय होता. पण जाग्या माणसाने डोळ्यावर शस्त्र कसे सोसावे? व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये ही अडचण दूर केली. कोकेनच्या द्रावणाचे थेंब त्यांनी आधी बेडकाच्या, मग स्वतःच्या डोळ्यात घातले आणि टाचणीचे डोके डोळ्यास टेकवून पाहिले. वेदना मुळीच झाली नाही! परंतु हे औषध दुधारी होते. बधिर डोळ्याला धुळीचा कण टोचत नाही. पापणी वेळेवर मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते, आणि जखम झाली तरी रोग्याला कळत नाही.

औषधाने घटकाभर घडते, ते कुष्ठरोगाने जन्मभर घडते. या रोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात. चेहऱ्याचा मज्जातंतू निकामी झाला की झोपेतही डोळा उघडा राहतो. संवेदनेचा मज्जातंतू गेला की डोळ्यातील खडाही जाणवत नाही. कुष्ठरोग्याचे हात आधीच बधिर झालेले असतात. चुलीचा निखारा त्याला हाताने कळत नाही, तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो. ते डोळेही गेल्यावर त्याने काय करावे? लोक अशा रोग्यांना गावाबाहेर काढीत. मिरजेत त्यांच्यासाठी आश्रयस्थान उभे राहिले, त्यात वानलेस यांचा वाटा होता. त्या काळी कडू कवठीचे तेल हेच मुख्य औषध होते. खात्रीचा इलाज त्यांच्या हयातीत निघाला नाही. डोळ्यांची राखण मात्र करता येत होती.

वानलेस यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. मोतीबिंदू काढलेला रोगी जाड भिंगांचा चष्मा लावून घरी परते आणि बहुधा पुढच्या गाडीतून शेजाऱ्याला पाठवी. एका माणसाला हे काम पुरे पडणार नाही, हे डॉक्टरांनी लवकरच ओळखले. म्हणून त्यांनी येथील तरुणांना वैद्यक शिकविले. शिकून बाहेर पडलेले हे डॉक्टर दूरदूरच्या गावी गेले.

१९२८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली, आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले गेले होते. त्याभोवतीच्या वस्तीला लोक वानलेसवाडी म्हणू लागले.