फील्डमार्शल हिंडेनबर्ग

थोर म्हणून गाजलेल्या पुरुषांचीं चरित्रें आपण बहुधा अनुकरणासाठीं वाचतों. परंतु इतिहासांत कांहीं चरित्रें अशींही आहेत कीं, तीं अनुकरणापेक्षां सावधगिरीसाठीं वाचावीं. जर्मनीचे सेनापति व पुढें अध्यक्ष झालेले पॉल फॉन हिंडेनबर्ग यांचें चरित्र या दुसऱ्या प्रकारांत मोडतें. हे गृहस्थ दुष्ट नव्हते, क्रूर नव्हते. भित्रे तर मुळींच नव्हते. तरीही सुमारें साडेसहा कोटि लोकांच्या राष्ट्राची सत्ता एका हुकूमशहाच्या हातीं गेली, ती याच वृद्ध सेनापतीच्या सहीनें. हें कसें घडलें, तें आमच्या विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें, म्हणून हा अल्प चरित्रलेख सादर केला आहे.

हिंडेनबर्ग यांचा जन्म ता. २ ऑक्टोबर १८४७ रोजीं प्रशियाच्या राज्यांतील पोझेन शहरीं झाला. हें शहर आज पोलंड देशांत असून त्यास पोझनान म्हणतात. वडील लष्करी अधिकारी. घराणें जुन्या जमीनदार सरदारांपैकीं. अशा घरांतील मुलास पुढें काय व्हावयाचें आहे, हें विचारण्याची चालच नव्हती. अकरा वर्षांचे असतांनाच ते लष्करी विद्यालयांत दाखल झाले. १८६६ सालीं ऑस्ट्रियाशीं झालेल्या कोनिग्ग्रेट्झच्या लढाईंत एक गोळी त्यांचें शिरस्त्राण भेदून डोक्यास चाटून गेली. पुढें फ्रान्सशीं युद्ध झालें व ता. १८ जानेवारी १८७१ रोजीं व्हर्सायच्या राजवाड्यांत प्रशियाच्या राजास जर्मनीचा सम्राट् म्हणून जाहीर करण्यांत आलें. त्या समारंभास आपल्या पलटणीचा प्रतिनिधि म्हणून हा तेवीस वर्षांचा तरुण हजर होता. राजनिष्ठा हाच त्यांच्या आयुष्याचा पाया झाला. राजावांचून राज्य असूं शकतें, ही कल्पना त्यांच्या मनास अखेरपर्यंत परकीच राहिली.

पुढील चाळीस वर्षांत ते पायरीपायरीनें जनरलच्या हुद्द्यास चढले आणि १९११ सालीं निवृत्त होऊन हॅनोव्हर येथें राहूं लागले. त्यांचें आयुष्य येथेंच संपतें, तर त्यांचें नांव आज कोणासही ठाऊक नसतें. परंतु १९१४ च्या ऑगस्टांत पहिलें महायुद्ध पेटलें, रशियाचीं सैन्यें पूर्व प्रशियांत घुसलीं आणि या सहासष्ट वर्षांच्या निवृत्त सेनापतीस पुन्हां बोलावणें आलें. जनरल लूडेनडॉर्फ यांस त्यांचे मुख्य साहाय्यक नेमण्यांत आलें. त्याच महिन्याच्या अखेरीस टॅनेनबर्गच्या लढाईंत रशियाचें एक संपूर्ण सैन्य वेढलें जाऊन नष्ट झालें. सुमारें ९०,००० सैनिक कैद झाले. या विजयाची आंखणी मुख्यत्वें लूडेनडॉर्फ व हॉफमन या अधिकाऱ्यांची होती. पण जयमाळ पडली ती हिंडेनबर्ग यांच्या गळ्यांत. त्यांची धिप्पाड देहयष्टि, चौकोनी चेहरा, पिळदार मिशा व कशानेंही न डळमळणारी मुद्रा पाहून भयभीत झालेल्या लोकांस धीर येई. १९१५ सालीं बर्लिन शहरीं त्यांचा सुमारें चाळीस फूट उंचीचा लांकडी पुतळा उभारण्यांत आला. युद्धनिधीस पैसे देऊन लोक त्यांत लोखंडाचे, चांदीचे व सोन्याचे खिळे ठोकीत. जिवंत माणसाचा असा पुतळा झाला, कीं त्याचे दोष दिसेनासे होतात.

१९१६ च्या ऑगस्टांत ते सर्व जर्मन सैन्याचे प्रमुख झाले. तेव्हांपासून देशाचा कारभार खऱ्या अर्थानें सम्राटाच्या हातीं न राहतां हिंडेनबर्ग व लूडेनडॉर्फ या जोडीच्या हातीं गेला. त्यांच्याच आग्रहानें १९१७ च्या फेब्रुवारीपासून पाणबुड्यांचें अनिर्बंध युद्ध सुरू झालें आणि एप्रिलांत अमेरिका शत्रुपक्षास मिळाली. १९१८ च्या वसंत ऋतूंतील शेवटची मोठी चढाई फसली. तेव्हां ता. २९ सप्टेंबर १९१८ रोजीं याच दोघांनीं सम्राटास सांगितलें कीं, आतां तहकुबी मागितल्यावांचून गत्यंतर नाहीं. ता. ९ नोव्हेंबर रोजीं सिंहासन कोसळलें व सम्राट् विल्यम हॉलंडांत निघून गेले. दोन दिवसांनीं तहकुबीवर सही झाली. ती करणाऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख सेनापति नव्हते; एर्झबर्गर नांवाचे एक मुलकी पुढारी होते.

येथें या चरित्रांतील पहिला मोठा डाग येतो. १९१९ च्या नोव्हेंबरांत लोकसभेच्या चौकशी समितीपुढें साक्ष देतांना हिंडेनबर्ग यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, सैन्य रणांगणावर हरलें नव्हतें. घरांतल्याच लोकांनीं त्याच्या पाठींत खंजीर खुपसला. युद्ध हरलें आहे, हें सम्राटास सांगणारे ते स्वतःच होते. तरी त्यांच्या मोठेपणामुळें ही खोटी गोष्ट घरोघर खरी मानली गेली. एर्झबर्गर यांचा १९२१ सालीं खून झाला. नव्या प्रजासत्ताकाच्या कपाळीं देशद्रोहाचा शिक्का बसला, तो कायमचा. ज्या असत्यावर पुढें हिटलरनें आपला पक्ष वाढविला, त्यास मान्यता देणारा हात या सन्मान्य वृद्धाचा होता.

तें प्रजासत्ताक आधींच अशक्त होतें. त्याची राज्यघटना १९१९ सालीं वायमार येथें तयार झाली, म्हणून त्यास वायमार प्रजासत्ताक म्हणतात. घटना उदार होती. स्त्रीपुरुषांस समान मताधिकार होता. परंतु तिच्या ४८ व्या कलमान्वयें संकटकाळीं अध्यक्षास वटहुकूम काढून नागरिकांचे हक्क तहकूब करण्याचा अधिकार होता. पहिले अध्यक्ष एबर्ट यांनीं तो बंडाळी व आर्थिक संकट यांतून राज्य वांचविण्यासाठीं वापरला. घरांत औषध म्हणून ठेवलेलें विष कोणाच्या हातीं लागतें, यावर सर्व अवलंबून असतें. १९२३ सालीं फ्रेंच व बेल्जियन सैन्यांनीं रूर प्रांत व्यापला आणि जर्मन चलन इतकें घसरलें कीं, नोव्हेंबरांत एका डॉलरास ४.२ लाख कोटि मार्क पडूं लागले. जन्मभर काटकसरीनें सांठविलेली मध्यमवर्गाची पुंजी पाण्यांत गेली आणि त्याबरोबर प्रजासत्ताकावरील विश्वासही गेला.

१९२५ च्या फेब्रुवारींत एबर्ट वारले. उजव्या पक्षांनीं सत्त्याहत्तर वर्षांच्या हिंडेनबर्ग यांस उमेदवार म्हणून उभें केलें. ता. २६ एप्रिल रोजीं त्यांस सुमारें १ कोटि ४६ लाख, प्रजासत्ताकवादी मार्क्स यांस १ कोटि ३७ लाख व कम्युनिस्ट थेलमान यांस १९ लाख मतें पडलीं. प्रजासत्ताकाचे पाठीराखे एकवटते, तर निकाल कदाचित् निराळा लागता. असो. राजाच्या या सेवकानें प्रजासत्ताकाच्या घटनेची शपथ घेतली आणि पहिलीं पांच वर्षें ती बऱ्याच अंशीं पाळली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परराष्ट्रमंत्री स्ट्रेसमान यांनीं १९२५ सालीं लोकार्नोचा करार केला, १९२६ सालीं जर्मनीस राष्ट्रसंघांत स्थान मिळवून दिलें. अध्यक्षांस हें फारसें रुचलें नाहीं, तरी ते आडवे आले नाहींत. १९२७ सालीं ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त जमीनदार व कारखानदार यांनीं वर्गणी जमवून त्यांस नॉयडेक येथील त्यांच्या घराण्याची जुनी जहागीर विकत घेऊन दिली. वारसाकर चुकावा म्हणून ती पुत्राच्या नांवें नोंदविण्यांत आली. भेट घेणाऱ्याचे कान भेट देणाऱ्यांकडे वळतात, याचा प्रत्यय पुढें आला.

१९२९ च्या ऑक्टोबरांत स्ट्रेसमान वारले व त्याच महिन्यांत अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला. अमेरिकन कर्जावर चाललेले जर्मन कारखाने बंद पडले. १९३२ च्या आरंभीं बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. १९३० च्या मार्चांत संयुक्त मंत्रिमंडळ मोडलें, तेव्हां अध्यक्षांनीं ब्रूनिंग यांस प्रधान नेमलें. लोकसभेंत बहुमत नसल्यामुळें त्यांचा कारभार ४८ व्या कलमाखालील वटहुकुमांनीं चालूं लागला. लोकसभेनें एक वटहुकूम नामंजूर करितांच ती बरखास्त झाली. आणि सप्टेंबरच्या निवडणुकींत हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. औषधाचें आतां रोजचें अन्न झालें होतें.

१९३२ सालीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत हिंडेनबर्ग व हिटलर समोरासमोर आले. समाजवादी व कॅथॉलिक मतदारांनीं, म्हणजे पूर्वीच्या विरोधकांनीं, हिटलरला थोपविण्यासाठीं या चौऱ्यांशी वर्षांच्या वृद्धास मतें दिलीं. दुसऱ्या फेरींत त्यांस शेंकडा ५३ व हिटलरला शेंकडा ३७ च्या आंत मतें पडलीं. लोकांनीं त्यांस धरण म्हणून निवडलें होतें. परंतु समाजवाद्यांच्या मतांवर निवडून आल्याचें त्यांस शल्यच वाटलें. ज्यांनीं निवडून आणलें त्यांस दूर सारून ते पुत्र ऑस्कर, जनरल श्लायखर, जमीनदार मित्र व फॉन पापेन यांच्या सल्ल्यानें चालूं लागले. मेच्या अखेरीस ब्रूनिंग यांस जावें लागलें. पापेन प्रधान झाले. मग डिसेंबरांत श्लायखर झाले. जुलैच्या निवडणुकींत हिटलरच्या पक्षास २३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरांत त्या १९६ वर उतरल्या. ओहोटी लागली होती. ऑगस्टांत हिंडेनबर्ग यांनीं हिटलरला प्रधानपद साफ नाकारलें होतें. तें नाकारणें आणखी थोडे महिने टिकतें, तर काय झालें असतें, हा प्रश्न इतिहासकारांस आजही सोडीत नाहीं.

पण तें टिकलें नाहीं. श्लायखरवर सूड उगविण्यासाठीं पापेन यांनीं हिटलरशीं संधान बांधलें व अध्यक्षांचें मन वळविलें. मंत्रिमंडळांत हिटलरखेरीज त्याच्या पक्षाचे दोनच मंत्री असल्यामुळें तो आपल्या मुठींत राहील, असा त्यांचा हिशेब होता. ता. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर प्रधान झाला. ता. २७ फेब्रुवारीच्या रात्रीं लोकसभेच्या इमारतीस आग लागली. दुसऱ्याच दिवशीं अध्यक्षांनीं जो वटहुकूम सही करून दिला, त्यानें भाषण, मुद्रण, सभा व व्यक्तिस्वातंत्र्य हे सर्व हक्क तहकूब झाले. ते हिटलरच्या अंतापर्यंत परत आले नाहींत. ता. २१ मार्च रोजीं पॉट्सडॅमच्या प्रार्थनामंदिरांत जुना सेनापति व नवा प्रधान यांचें हस्तांदोलन साऱ्या देशास दाखविण्यांत आलें. दोन दिवसांनीं लोकसभेनें कायदे करण्याचा आपला अधिकार मंत्रिमंडळास देऊन टाकला. कम्युनिस्ट सभासदांस आंत येऊं दिलें नव्हतें. बाहेर गणवेशधारी टोळ्या उभ्या होत्या. तशाही स्थितींत ९४ समाजवादी सभासदांनीं विरुद्ध मत दिलें. त्यांचे पुढारी ओटो व्हेल्स यांचें त्या दिवशींचें विरोधाचें भाषण जर्मन लोकशाहीचें अखेरचें निर्भय भाषण ठरलें. या कायद्यावरही अध्यक्षांची सही झाली.

त्याच एप्रिलांत यहूदी नोकरांस सरकारी खात्यांतून काढण्याचा कायदा येऊं लागला, तेव्हां हिंडेनबर्ग यांनीं हिटलरला पत्र लिहून युद्धांत लढलेल्या यहूद्यांस वगळण्याची विनंति केली, आणि ती मानली गेली. आपल्या जुन्या सैनिकांची त्यांस आठवण राहिली, हें त्यांस भूषणास्पद आहे. पण ज्या यहूद्यानें बंदूक धरली नव्हती, त्याचाही अध्यक्ष आपणच आहों, हें त्यांस सुचलें नाहीं. आणि ही सवलत तरी किती दिवसांची? त्यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाच्या आंत तीही गेली.

ता. ३० जून १९३४ रोजीं हिटलरनें आपल्या प्रतिस्पर्ध्यांची चौकशीवांचून कत्तल केली. माजी प्रधान श्लायखर व त्यांची पत्नी यांस घरांतच गोळ्या घालण्यांत आल्या. अध्यक्षांच्या नांवें हिटलरला अभिनंदनाची तार गेली. ता. २ ऑगस्ट १९३४ रोजीं हिंडेनबर्ग नॉयडेक येथें वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं वारले. ते मरण्यापूर्वीं एक दिवस अध्यक्षपद व प्रधानपद एक करण्याचा कायदा तयार झालाच होता. आणि ज्या दिवशीं ते गेले, त्याच दिवशीं सैन्यानें घटनेची नव्हे, तर खुद्द हिटलरची शपथ घेतली.

पुढील अकरा वर्षांचा वृत्तांत सर्वांस ठाऊक आहे: दुसरें महायुद्ध, सुमारें साठ लाख यहूद्यांची हत्या, जर्मन शहरांची राखरांगोळी. टॅनेनबर्गच्या भव्य स्मारकांत पुरलेल्या सेनापतीस मृत्यूनंतरही विसांवा मिळाला नाहीं. १९४५ च्या जानेवारींत रशियन सैन्य जवळ येतांच जर्मन सैनिकांनीं त्यांची व पत्नीची शवपेटी हलविली आणि स्मारकास सुरुंग लावला. शवपेट्या थुरिंजियांतील एका खाणींत दडविण्यांत आल्या. तेथें त्या एप्रिलांत अमेरिकन सैनिकांस सांपडल्या. ता. ३० एप्रिल रोजीं हिटलरनें आत्महत्या केली, ता. ८ मे रोजीं जर्मनी शरण आली. १९४६ सालीं मारबुर्ग येथील संत एलिझाबेथच्या मंदिरांत त्या वृद्ध दंपतीस पुन्हां मूठमाती मिळाली. ज्या बर्लिननें त्यांस सन्माननीय नागरिक केलें होतें, त्याच शहरानें २०२० सालीं तो मान परत घेतला.

सारा दोष एकट्या हिंडेनबर्ग यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. हिटलरला मतें देणारे लाखों नागरिक होते, आपसांत भांडणारे पक्ष होते, पापेनसारखे कारस्थानी होते. परंतु किल्ली एकाच्याच खिशांत होती. महाभारतांतील भीष्माचार्य राजसभेंत बसून अधर्म पाहत राहिले, तसे हे वृद्ध सेनापति आपल्या पदावर बसून राहिले. आणि भीष्मांप्रमाणेंच त्यांनींही आपण नियम मोडला नाहीं, एवढ्यावर समाधान मानलें असावें. प्रत्येक सही घटनेच्या कलमास धरून होती, आणि त्याच सह्यांनीं घटना मेली.

विद्यार्थ्यांनो, पुढें तुम्ही मतदार व्हाल. कांहींजण अधिकारपदावरही चढाल. उमेदवाराचा पुतळा किती उंच आहे, हें न पाहतां त्यास सोंपविलेल्या वस्तूविषयीं त्याच्या मनांत प्रेम आहे कीं नाहीं, तें पाहा. आणि तुमच्यापुढें सहीसाठीं कागद येईल, तेव्हां तो नियमांत बसतो कीं नाहीं, एवढेंच विचारून थांबूं नका. त्या सहीनें कोणाच्या घरीं दिवा मालवणार आहे, हेंही विचारा. हिंडेनबर्ग यांनीं तो प्रश्न विचारला नाहीं, आणि त्याची किंमत त्यांच्या पश्चात् साऱ्या जगास द्यावी लागली.