वयाला पुरून उरलेल्या ॲडमिरल बाई



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रातल्या एका व्यक्तीवर लिहायचं ठरलं, तेव्हा मी ग्रेस हॉपर यांचं नाव दिलं. आपण सगळे आता चाळिशी ओलांडली आहे, आणि या बाईंचं ज्यासाठी नाव झालं ते काम चाळिशीनंतरचं आहे. शिवाय त्या मुळात गणिताच्या शिक्षिका, म्हणजे आपल्या सर-बाईंच्या पंगतीतल्या.

ग्रेस मरे यांचा जन्म न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ रोजी झाला. तीन भावंडांत थोरली. वडील विमा व्यवसायात, तर पणजोबा अलेक्झांडर रसेल अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरल होते. सात वर्षांच्या ग्रेसने गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला एक उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली. आईने घड्याळं उघडायला बंदी केली नाही, फक्त एक घड्याळ तिच्या नावावर करून दिलं. आईला स्वतःला गणिताची ओढ होती, पण तिच्या काळी मुलींना बीजगणित शोभत नाही असं मानत. तिला भूमितीवर समाधान मानावं लागलं होतं. वडिलांचे आजारपणात दोन्ही पाय कापावे लागले. त्यांनी तेव्हाच ठरवलं की मुली मुलाइतक्याच शिकतील आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील.

ही हुशार मुलगी लॅटिनमध्ये नापास झाली आणि व्हासार कॉलेजचा प्रवेश वर्षभर लांबला. पुढे १९२८ मध्ये गणित आणि पदार्थविज्ञानात पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी व्हासारमध्येच नोकरी लागली. आयुष्य मार्गी लागलं होतं.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. बाईंनी नौदलात जायचं ठरवलं. नौदलाच्या हिशेबी त्यांचं वय जास्त होतं, वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी होतं, आणि गणिताच्या प्राध्यापिकेची गरज कॉलेजात अधिक होती. त्यांनी कॉलेजातून रजा घेतली, वजनाची सवलत मागून घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. १९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला पाठवलं गेलं, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली.

तिथे मार्क वन हे यंत्र होतं. लांबी ५१ फूट, वजन सुमारे पाच टन. कागदी पट्टीवर भोकं पाडून त्याला सूचना द्यायच्या. तोफांच्या माऱ्याचे तक्ते त्यावर तयार होत. त्याच वर्षी जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन आले. ते अणुबाँबसाठी होतं, हे नंतर उघड झालं. या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका तयार केली ती हॉपर बाईंनी.

युद्ध संपलं त्याच वर्षी घटस्फोट झाला. मूलबाळ नव्हतं. १९४६ मध्ये त्यांनी नियमित नौदलात घ्या म्हणून अर्ज केला. वयोमर्यादा ३८, म्हणून नकार आला. व्हासारला परत जाऊन प्राध्यापकी करता आली असती. ती त्यांनी नाकारली, राखीव दलातलं नाव तसंच ठेवलं आणि हार्वर्डमध्येच राहिल्या. १९४९ मध्ये तिथलंही काम संपलं, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी फिलाडेल्फियातल्या एका नव्या संगणक कंपनीत रुजू झाल्या.

आणि मग १९५२ मध्ये त्यांनी त्यांचा पहिला कंपायलर केला. आपल्यातल्या इंजिनिअर नसलेल्यांसाठी सांगते: तोवर प्रत्येक कामाच्या सगळ्या सूचना माणसाने हाताने लिहायच्या. बाईंनी नेहमी लागणारे तुकडे साठवून त्यांना क्रमांक दिले, आणि ते शोधून जोडायचं काम यंत्रावरच सोपवलं. संगणक फक्त आकडेमोड करतो, असं म्हणून लोक विश्वास ठेवेनात. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी फ्लोमॅटिक भाषा केली, आणि तिच्या पायावर १९५९ मध्ये कोबोलची आखणी सुरू झाली. वर्ष २००० च्या आधी तारखांचे दोन आकडे दुरुस्त करायला आपल्याकडच्या कितीतरी तरुण इंजिनिअरांना काम मिळालं, त्यातले बरेच प्रोग्राम कोबोलमधले होते.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना साठाव्या वर्षी निवृत्त केलं. सात-आठ महिन्यांत परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी. १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं. त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर आणि १९८५ मध्ये पणजोबांसारख्या रिअर ॲडमिरल. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर त्यांना निरोप दिला गेला, तेव्हा वय होतं ७९. सेवेतल्या सर्वांत वयस्क अधिकारी त्याच होत्या. त्यानंतरही एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या अखेरपर्यंत काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या नावाची युद्धनौका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली.

शिक्षिका मात्र त्या कायम राहिल्या. व्याख्यानाला जाताना साधारण फूटभर लांबीच्या तारांचे तुकडे घेऊन जात आणि वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त तेवढंच अंतर कापू शकते, हे हातात धरून कळावं म्हणून. तरुण मुलांना शिकवलं, ही त्यांना आपली सर्वांत मोठी कमाई वाटे.

आपल्या बॅचमधल्या काही जणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधताहेत. काहींना चाळिशीनंतर कंपनीने घरी बसवलं आहे. माझ्या क्षेत्रात तर पस्तिशीनंतरच वय विचारायला सुरुवात होते. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की हॉपर बाईंना नियमित नौदलाचं दार वयामुळे कधी उघडलंच नाही. त्या राखीव दलाच्या दाराने आत गेल्या, आणि ॲडमिरल होऊन बाहेर पडल्या.