लुई पाश्चर : पक्षाघातानंतरची जवळपास २७ वर्षे

घरातल्या कोणाला पक्षाघात (अर्धांगवायू, लकवा) झाला की दवाखान्यातून घरी आल्यावर पहिला प्रश्न असतो, पुन्हा पूर्वीसारखे चालता येईल का? याचे उत्तर प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते. पण चाल पूर्वीसारखी झाली नाही, तर आयुष्य थांबते का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला लुई पाश्चर यांच्या आयुष्यात सापडेल.

त्या दिवशी काय घडले?

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समध्ये झाला. १९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या ४५व्या वर्षी, त्यांना सकाळी शरीराच्या डाव्या बाजूला मुंग्या आल्यासारखे वाटले. जेवणानंतर अंगात थरथर सुटली, म्हणून ते थोडा वेळ पडून राहिले. तरीही दुपारी ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत गेले, तिथे निबंध वाचला आणि चालत घरी परतले. रात्री अंथरुणावर पडताच त्रास परत सुरू झाला. काही वेळ बोलताच येईना, आणि पुढे डावा हात व डावा पाय लुळा पडला.

त्या काळी यावर नेमका उपचार नव्हता. त्यांना जळवा लावण्यात आल्या. आज तसे नाही. म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा : लक्षणे आपोआप कमी झाली, तरी धोका टळला असे समजू नका. लगेच रुग्णालय गाठा.

अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून पायांवर

आठवडाभरातच पाश्चर यांनी रेशीमकिड्यांच्या रोगाबद्दलचे टिपण अंथरुणातूनच सहकाऱ्याला सांगून लिहून घेतले. पण शरीर इतक्या लवकर साथ देत नव्हते. आरामखुर्चीत तासभर बसायलाच त्यांना सुमारे सहा आठवडे लागले. तुमच्या रुग्णाची प्रगतीही अशीच टप्प्याटप्प्याने होते. आधी आधाराशिवाय बसता येणे, मग उभे राहणे, मग पाऊल टाकणे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत बहुधा जास्त असतो, पण त्यानंतरही सरावाने फरक पडतो.

तोल का जातो?

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावी बाजू कमजोर होते, आणि डाव्या भागाला झाली की उजवी. पण तोल जाण्याचे कारण केवळ कमजोरी नसते. पाऊल जमिनीवर कसे टेकले आहे याची जाणीव कमी होते. पायाचा पंजा उचलला न गेल्याने बोटे जमिनीला घासतात. स्नायू ताठरतात. काही रुग्णांचे एका बाजूकडे लक्षच जात नाही, त्यामुळे ते दाराच्या चौकटीला धडकतात. पडण्याची भीतीही पाय अडवते. हा आळस नव्हे, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवे.

काम थांबले नाही

पाश्चर आजारी पडले तेव्हा त्यांच्या नव्या प्रयोगशाळेचे बांधकाम थांबवण्यात आले. ते वाचणार नाहीत असे लोकांनी जणू धरूनच चालले होते. हे त्यांच्या मनाला फार लागले. पुढे सम्राट तिसरा नेपोलियन याच्या सांगण्यावरून काम पुन्हा सुरू झाले. आजारानंतर तीनच महिन्यांनी पाश्चर पत्नी मारी यांच्यासह रेशीमकिड्यांच्या अभ्यासासाठी दक्षिण फ्रान्सला गेले.

डावा पाय ओढत चालणे आणि डाव्या हाताचा ताठरपणा मात्र कायम राहिला. ज्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, त्यातले बरेचसे याच अवस्थेत झाले. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांची रेबीजची लस दिली गेली, आणि तो वाचला. १८८८ मध्ये पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले. १८९२ मध्ये सत्तराव्या वाढदिवसाच्या सत्कारासाठी ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्या हाताचा आधार घेऊन भर सभागृहात आले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी, ७२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

घरी तुम्ही काय करू शकता?

- चालताना रुग्णाच्या कमजोर बाजूला, किंचित मागे उभे राहा. लुळा हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो.
- काठी सहसा चांगल्या हातात धरायची असते. तिची उंची फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.
- सरकणारी पायपुसणी, सुट्या वायरी आणि ओली फरशी टाळा. न्हाणीघरात व शौचालयात धरायला दांडी बसवा.
- गुळगुळीत चपलांऐवजी टाचेला पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे द्या.
- रात्री शौचालयापर्यंत दिवा लावून ठेवा.
- पंजा घासत असेल तर पायाच्या पट्टीबद्दल (स्प्लिंट) डॉक्टरांना विचारा.
- थकवा येण्याआधी थांबा. थोडा थोडा सराव रोज करा.

काठी, वॉकर किंवा घरच्यांचा हात घ्यायला रुग्णाला संकोच वाटत असेल, तर त्यांना पाश्चर यांची गोष्ट सांगा. घरात त्यांचे जे काम होते, त्यातले जमेल तेवढे त्यांच्याकडेच राहू द्या.

तोंड वाकडे होणे, हात-पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक तोल जाणे, यांपैकी काहीही नव्याने दिसले तर वाट पाहू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.