चोच वाचणारा माणूस

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या जलाशयावर पट्टकादंब उतरतात. पांढऱ्या डोक्यावर दोन ठळक काळे पट्टे असल्याने नवखा माणूसही त्यांना ओळखतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मात्र रानहंसांची ओळख इतकी सोपी नसते. धुक्यात खाजणावर चरणारे हजारो हंस लांबून एकसारखेच करडे दिसतात. पाय गुलाबी की नारिंगी, चोच आखूड की लांब, पोटावर काळे आडवे पट्टे आहेत की नाहीत, अशा बारीक खुणांवर सारा निवाडा होतो. या निवाड्यात ज्यांचा हात धरणारा क्वचितच कोणी होता, ते सर पीटर स्कॉट.

त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये बर्फात प्राण सोडणारे कॅप्टन रॉबर्ट स्कॉट हे त्यांचे वडील. मुलाला जमल्यास निसर्गाची गोडी लाव, अशी विनवणी त्यांनी पत्नीला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात केली होती. मुलाला गोडी लागली खरी, पण ती बंदुकीच्या वाटेने. केंब्रिजला शिकत असताना पीटर वॉशच्या खाडीत पहाटेच्या अंधारात, चिखलात दबा धरून हंसांची शिकार करत. एकदा एक जखमी हंस अशा दलदलीत पडला, की तिथवर कोणालाच जाता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो मान वर करून तिथेच जिवंत होता. हे दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. बंदूक एका दिवसात सुटली नाही, पण हळूहळू ती मागे पडली आणि हाती कुंचला व दुर्बीण उरली.

१९३३ पासून युद्ध सुरू होईपर्यंत ते नेने नदीच्या मुखावरील एका जुन्या दीपगृहात राहिले. तिथे त्यांनी हंस पाळले, त्यांची चित्रे रंगवली. मधल्या काळात, १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत कांस्यपदकही मिळवले. महायुद्धात नौदलात पराक्रम गाजवून ते परतले, तेव्हा पुन्हा हंसांचीच ओढ होती.

डिसेंबर १९४५ मध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ स्लिमब्रिज येथे त्यांनी पांढऱ्या कपाळाच्या हंसांचा थवा निरखला. त्या गर्दीत त्यांना वेगळा पक्षी गवसला. अंगाने लहान, कपाळाचा पांढरा टिळा पार माथ्यापर्यंत गेलेला आणि डोळ्याभोवती पिवळे कडे. तो होता ब्रिटनमध्ये अतिदुर्मीळ असलेला लहान पांढऱ्या कपाळाचा हंस. हंसांसाठी संस्था काढायची ती इथेच, असे त्यांनी ठरवले आणि १९४६ मध्ये ती उभीही केली. १९४८ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह, ग्रीनलंडहून येणारे नारिंगी चोचीचे हंस ही वेगळी उपजात असल्याचे दाखवून दिले. सायबेरियाकडून येणाऱ्यांची चोच गुलाबी असते. 

अशा जाणकारालाही एकदा पक्ष्यांनी चकवले. हवाईच्या नेने हंसांची रानातली संख्या तेव्हा तीसच्या आसपास उरली होती. १९५० मध्ये जोडपे म्हणून दोन पक्षी स्लिमब्रिजला आणले. पुढे दोघांनीही अंडी घातली! नर-मादी दिसायला सारखेच असल्याने हा घोटाळा झाला होता. मग तातडीने विमानाने नर मागवला. १९५२ मध्ये पिल्ले झाली आणि १९६२ पासून त्यांचे वंशज हवाईत सोडण्यात आले.

१९६४ पासून स्कॉट आणखी बारकाईत शिरले. हिवाळ्यात येणाऱ्या बेविक राजहंसांच्या चोचीवरील काळ्या-पिवळ्या नक्षीवरून त्यांनी प्रत्येक पक्षी वेगळा ओळखला, त्याला नाव दिले आणि चोचीचे चित्र काढून ठेवले. माझी हयात बँकेत धनादेशावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहण्यात गेली. त्यामुळे या कामातली चिकाटी मला चांगलीच समजते. तो पक्षी पुढल्या हिवाळ्यात आला की चित्र काढून ताडायचे. कोण आले, कोणाबरोबर आले, कोण आलेच नाही, हे त्यातून कळे. थव्यातला एक पक्षी कमी होणे म्हणजे नुसता आकडा घटणे नव्हे, हे या वहीने शिकवले.

१९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. पांडाचे बोधचिन्हही त्यांनीच रेखाटले. १९७३ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. २९ ऑगस्ट १९८९ रोजी, ऐंशी पूर्ण व्हायला जेमतेम पंधरवडा उरला असताना, ते गेले. हंस दक्षिणेकडे निघायला तेव्हा थोडा अवधी होता. बापाने मरताना मुलासाठी जे मागितले होते, ते मुलाने साऱ्या जगाला दिले.