नेटवर्कवर कोण कोण आहे? त्या यादीमागचा माणूस: जॉन पोस्टेल

एखाद्या मोठ्या कंपनीच्या आयटी विभागाला साधा प्रश्न विचारून बघा: तुमच्या नेटवर्कला या क्षणी एकूण किती उपकरणं जोडलेली आहेत? कॉम्प्युटरचा आकडा मिळेल. पण प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, कुणीतरी परस्पर लावलेला वायफाय राउटर? इथे कागदावरची यादी आणि प्रत्यक्षातली यादी सहसा जुळत नाही. जे उपकरण यादीतच नाही, ते कुणी अपडेट करत नाही, आणि हल्लेखोराला आत शिरायला असंच एखादं उपकरण पुरतं. म्हणून हल्ली ही मोजणी सॉफ्टवेअर आपोआप करतं. त्याला म्हणतात डिव्हाइस डिस्कव्हरी.

हे सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीचं असो, ते जे प्रश्न विचारतं आणि जे आकडे वाचतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी एका दाढीवाल्या, सँडल घालून फिरणाऱ्या अमेरिकन माणसाच्या हाताखालून गेलेल्या आहेत. त्याचं नाव जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनाचा. शिक्षण लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात. १९६९ मध्ये अर्पानेटचं, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाचं, पहिलं केंद्र याच विद्यापीठात सुरू झालं आणि विद्यार्थी पोस्टेल त्या गटात होते. नेटवर्कचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित टिपणांमधून ठरत. ही प्रथा स्टीव्ह क्रॉकर यांनी सुरू केली. टिपणं तपासण्याचं आणि प्रसिद्ध करण्याचं काम मात्र पोस्टेल यांच्याकडे आलं, ते मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं.

दुसरं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. कुठली सेवा कुठल्या क्रमांकावर चालणार, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी होती. दोघांनी एकच क्रमांक वापरला की घोळ ठरलेलाच. १९७२ मधल्या एका टिपणात पोस्टेल यांनी सुचवलं की क्रमांक वाटणारा कुणीतरी एक ‘झार’ असावा, आणि तो बहुधा आपणच असू, असंही थोडं मिश्कीलपणे सूचित केलं. झालंही तसंच. या कामाला पुढे आयाना हे भारदस्त नाव मिळालं. १९७७ पासून ते आयएसआय या संशोधन संस्थेत होते, आणि आयाना म्हणजे बराच काळ पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी.

आता डिस्कव्हरीकडे वळू, कारण पोस्टेल यांचं काम तिथेच नीट दिसतं.

सॉफ्टवेअर पहिल्यांदा प्रत्येक पत्त्यावर हाक मारतं: कुणी आहे का? याला पिंग म्हणतात. पिंगचा प्रोग्राम माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. पण हाक आणि प्रतिसाद यांची रीत ठरली होती सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये, आणि ते टिपण पोस्टेल यांचं. मग पाळी येते एसएनएमपीची: १६१ क्रमांकाच्या पोर्टवर उपकरणाला विचारायचं, तू कोण? उत्तरात आकड्यांची एक लांब साखळी येते. तिच्यातल्या ठरलेल्या जागी २ असेल तर आयबीएम, ९ असेल तर सिस्को, ११ असेल तर एचपी. उत्पादकांचे हे क्रमांक आयानाच्या यादीतले.

खरी अडचण येते ती नेटवर्कचे तुकडे केल्यावर. लेखा विभाग वेगळा, कारखान्यातली यंत्रं वेगळी, पाहुण्यांचं वायफाय वेगळं. एका कप्प्यात व्हायरस शिरला तर दुसऱ्यात सहज जाऊ नये, हा हेतू. पण भिंत चोराला अडवते तशी मोजणाऱ्यालाही अडवते. एआरपी, म्हणजे ‘हा पत्ता कुणाचा?’ अशी सगळ्यांना मिळून मारलेली हाक, राउटरपाशीच थांबते. म्हणून प्रत्येक कप्प्यात एक छोटा स्कॅनर बसवावा लागतो, किंवा मधल्या फायरवॉलमध्ये फक्त स्कॅनरच्या पत्त्यापुरती वाट उघडावी लागते. शिवाय राउटर आणि स्विच यांच्याकडचे पत्त्यांचे तक्ते वाचता येतात. पिंगला गप्प राहणारी उपकरणंही तिथे सापडतात.

हा पेच पोस्टेल यांच्यासमोरही होता. अनेक लहान नेटवर्क जोडून ती एकच असल्यासारखी वागवता येतील का, मध्ये बसवलेल्या पेट्यांनी एआरपीची हाक पुढे पोचवावी का, याचा विचार त्यांनी ऑक्टोबर १९८४ च्या आरएफसी ९२५ मध्ये केला. ऑगस्ट १९८५ मध्ये मात्र सबनेटची, म्हणजे उघडपणे तुकडे पाडण्याची, प्रमाण पद्धत आली. त्या आरएफसी ९५० वर जेफ्री मोगल यांच्यासोबत पोस्टेल यांचंही नाव आहे. ऑफिसातले १० ने सुरू होणारे पत्तेही याच काळाचा वारसा. १० हा मूळचा अर्पानेटचा क्रमांक. १९९० मध्ये अर्पानेट बंद झालं आणि पुढे तो खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवला गेला.

देशांची डोमेन नावं कुणाकडे सोपवायची, हेही आयानाच बघायची. आपलं ‘डॉट इन’ पुढे कित्येक वर्षं मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने सांभाळलं.

एवढी सत्ता एका माणसाकडे, तीही कुठल्या कायद्याने न दिलेली. हे चाललं ते लोकांचा विश्वास होता म्हणून. त्याची कसोटी २८ जानेवारी १९९८ ला लागली. पोस्टेल यांनी बारापैकी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला: मुख्य यादी यापुढे माझ्या यंत्राकडून घ्या. त्यांनी ऐकलं. व्हाइट हाउसमधून इरा मॅगझिनर यांचा दबाव येताच पोस्टेल यांनी ही केवळ चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. चाचणी की इशारा, यावर आजही वाद होतो. इशाराच असावा असं वाटतं, कारण अमेरिकी सरकार तेव्हा या कामाचं पुढे काय करायचं ते ठरवतच होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर हे काम सांभाळण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. पोस्टेल यांना तिचा कारभार पाहायला मिळाला नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ ला, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते वारले. व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख त्याच मालिकेत निघाला. त्याचा क्रमांक आरएफसी २४६८.