तलवार ठेवून दौत उचलणारा फिरिश्ता

बीदर : महमूद गवानचा मदरसा बघायला आलेल्याला गाईड एक गोष्ट हमखास सांगतो. खोट्या पत्रावर वजिराचा शिक्का मारून घेतला आणि सुलतानाने १४८१ मध्ये निरपराध माणसाचा जीव घेतला. ही गोष्ट घरोघरी पोचली, त्यात मोठा वाटा एका शिपाईगड्याचा आहे. त्याचं नाव मुहम्मद कासिम फिरिश्ता.

फिरिश्ताचा जन्म कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. लहानपणीच तो वडिलांबरोबर अहमदनगरला आला. निजामशाहीचा राजपुत्र मीरान हुसेन याला फारसी शिकवायचं काम वडिलांकडे होतं. वडील लवकर गेले. पोरगा मोठा होऊन मुर्तजा निजामशहाच्या पहाऱ्यावरचा अधिकारी झाला. १५८८ मध्ये मीरान हुसेनने बापाविरुद्ध बंड केलं. पहाऱ्यावरची माणसं मारली गेली, पण जुनी ओळख असल्यामुळे फिरिश्ता वाचला. वर्षभरात मीरान हुसेनचाही खून झाला आणि परदेशी लोकांची कत्तल सुरू झाली. तेव्हा फिरिश्ताने विजापूर गाठलं.

तिथंही तलवार सुटली नाही. एका लढाईत तो जखमी होऊन कैद झाला आणि पुढं निसटला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने मात्र त्याच्यातला लेखक ओळखला आणि हिंदुस्थानचा इतिहास लिहायचं काम दिलं. १६०४ मध्ये आदिलशाही राजकन्येचं अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी लग्न झालं. तिच्या लवाजम्यातून फिरिश्ता पैठण, बुऱ्हाणपूरपर्यंत गेला.

तीसहून जास्त ग्रंथ चाळून त्याने १६०६ च्या सुमारास ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ सादर केला. त्यात गुलबर्गा आणि बीदरच्या बहमनींपासून पुढच्या पाच शाह्यांपर्यंतचा इतिहास आहे. १८२९ मध्ये जॉन ब्रिग्जने त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि तो जगभर गेला.

पण फिरिश्ताचं सगळंच डोळे झाकून घेता येत नाही. गंगू ब्राह्मणाच्या शेतात हसनला सोन्याचा हंडा सापडला आणि मालकाच्या नावावरून बहमनी नाव पडलं, ही लोकप्रिय गोष्ट त्याचीच. पण १३४७ च्या राज्यस्थापनेनंतर लगेच लिहिणाऱ्या इसामीकडे ती नाही. तो या घराण्याचा संबंध इराणच्या बहमन राजाशी जोडतो. आजचे अभ्यासकही हंड्याची गोष्ट मानत नाहीत. फिरिश्ताचे सैन्याचे आकडेही फुगलेले असतात. शिवाय तो स्वतः परदेशी गटातला. त्यामुळे दख्खनी सरदारांबद्दल त्याचं लिहिणं जरा जपूनच वाचावं लागतं.

तरीही त्याला वगळून चालत नाही. कलबुर्गीचा किल्ला असो की बीदरचा, भिंती आपल्यासमोर उभ्या आहेत. त्या भिंतींमागं कोण जगलं, कोण कुणाला फसलं, हे बऱ्याच अंशी फिरिश्तामुळेच कळतं. म्हणून गाईडची गोष्ट जरूर ऐकावी, पण ती कुणी, कधी आणि कुणाच्या दरबारात बसून लिहिली, हेही विचारावं.